सनद आणि भरपाई

ज्या कामाची परीक्षा तें करून घेणारास करतां येत नाहीं, तें काम कोणीं करावें हें कोणीं ठरवावयाचें, हा प्रश्न वरवर पाहतां कायदेपंडितांचा वाटतो. वास्तविक तो नीतीचा आहे. सुतारानें केलेली खुर्ची डगमगूं लागली कीं घरांतल्या लहान मुलासहि तें समजतें. शिंप्यानें अंगरखा आखूड केला तर आरसा सांगतो. परंतु दंतवैद्यानें दाढेच्या मुळांत काय भरलें, खोलवर भरलें कीं वरवर लिंपून ठेवलें, हें कळण्यास वर्षें लागतात. आणि कळतें तें बहुधा दुसऱ्या दंतवैद्याच्या तोंडून. त्यांतून ह्या धंद्याची मौज अशी कीं, ज्याच्यावर उपचार चालला आहे त्याचें तोंडच अडकलेलें असतें! न्यायालयांत आरोपीस बोलण्याची संधि मिळते, वर्गांत विद्यार्थ्यासहि ती थोडीबहुत मिळते. दंतवैद्याच्या खुर्चीवर मात्र मोठा वक्ता देखील आ करून पडलेला, आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नास एकच अस्फुट हुंकार देण्यापुरता समर्थ. इतक्या संपूर्ण विश्वासानें आपण आपला देह फारच थोड्यांच्या हवालीं करतों.

ह्या विश्वासाला आधार काय? सुश्रुतसंहितेंत वैद्यानें धंद्यास आरंभ करण्यापूर्वीं शास्त्राचें अध्ययन केलेलें असावें, त्याचा अर्थ त्यास उमगलेला असावा, कर्में त्यानें पाहिलेलीं आणि स्वतः केलेलीं असावीं, अशा अटी सांगून त्यांच्या जोडीस राजाची अनुज्ञाहि घातली आहे. तेव्हां परवान्याची कल्पना आपण सर्वस्वीं पश्चिमेकडून उसनी आणली असें नाहीं. परंतु अनुज्ञा, नोंदपट, शिस्तीचें मंडळ आणि अखेरीस सक्तीचा विमा ही मालिका एकामागून एक कशी तयार होत गेली हें पाहावयाचें असेल, तर इंग्लंडांतील दंतवैद्यकाइतकें बोलकें उदाहरण मला दुसरें माहीत नाहीं. आपला १९४८ चा दंतवैद्यकाचा कायदा त्याच घराण्यांतला असल्यामुळें तिकडे फेरफटका करून घरीं परतण्यास वाटहि सोपी आहे.

१८७८ पूर्वीं इंग्लंडांत दांत उपटण्यास चिमटा आणि मनगटांतला जोर ह्यांपलीकडे कांहीं लागत नसे. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सनें १८६० पासून दंतवैद्यकाची पदविका देण्यास आरंभ केला होता. परंतु ती घेणें न घेणें ज्याच्या त्याच्या खुषीचें होतें. न्हावी, लोहार, औषधें विकणारा, जत्रेंत ढोल वाजवून गर्दी जमविणारा, ह्या सर्वांना हें क्षेत्र मोकळें होतें. जॉन टोम्स प्रभृति मंडळींच्या खटपटीनें १८७८ सालीं कायदा झाला व नोंदपट उघडला. गंमत अशी कीं, ह्या कायद्यानें कृत्य मना केलें नाहीं, नांव मना केलें! ‘डेंटिस्ट’ ही पदवी नोंदलेल्या मनुष्याखेरीज इतरांनीं लावूं नये, एवढेंच त्याचें म्हणणें. मग व्हावयाचें तेंच झालें. पाटीवरून पदवी गेली, आणि तिच्या जागीं येथें दांत काढले जातात, येथें कवळ्या बसवून मिळतात, असें कामाचें वर्णन आलें. ह्या पाट्यांचा वाद १९१० सालीं हाउस ऑफ लॉर्ड्‌सपर्यंत पोंचला. आणि आपण कोणतें काम करतों एवढें लोकांस सांगणारा मनुष्य त्यामुळें स्वतःस विशेष लायक म्हणवीत नाहीं, असा निर्णय तेथें मिळाला. नाममाहात्म्य गाणाऱ्या आपल्या संतांसहि नामाचा इतका पोकळ उपयोग सुचला नसता. पुढें १९१९ सालीं एका सरकारी समितीनें ह्या परिस्थितीचें वाभाडें काढलें, आणि १९२१ च्या कायद्यानें नांव सोडून धंदाच राखून ठेवला.

आतां येथें एक पेंच आला, आणि तो प्रत्येक देशांत येतो. पदविका नसतांना ज्यांनीं आजवर ह्याच धंद्यावर बायकामुलें पोसलीं, त्यांचें काय करावयाचें? १९२१ च्या कायद्यानें ठराविक वर्षें प्रामाणिकपणें धंदा केलेल्या अशा लोकांना नोंदपटांत घेतलें. माझ्या मतें दुसरें कांहीं करणें अन्यायाचें झालें असतें. कायद्यानें उद्यांपासून नियम घालावा, कालच्या भाकरीवर धाड घालूं नये. तथापि ह्याचा अर्थ असा झाला कीं, नोंदपट उघडला त्या दिवसापासूनच त्यांतील प्रत्येक नांव सारख्या किंमतीचें नव्हतें. उलट बाजूस, ज्यांना घ्यावयास हवें होतें त्यांना दाराबाहेर ठेवण्याचें कामहि ह्याच व्यवस्थेनें केलें. लिलियन मरे नांवाची तरुणी लंडनच्या नॅशनल डेंटल हॉस्पिटलमध्यें शिकावयास गेली, तेव्हां तेथील प्रमुखानें तिला उंबरठ्याच्या आंत पाऊल टाकूं दिलें नाहीं. तिची मुलाखत रस्त्याच्या कडेला उभ्यानें झाली. ती एडिंबरोस गेली, १८९५ सालीं ब्रिटनमध्यें पदविका मिळविणारी पहिली स्त्री दंतवैद्य झाली, आणि अर्ध्या शतकानंतर त्याच व्यवसायाच्या ब्रिटिश संघानें तिला अध्यक्षस्थानीं बसविलें. दरवान चोरास अडवितो तसा कधीं कधीं यजमानासहि अडवितो.

तेव्हां नोंदपट हा मनुष्य चांगला आहे असें सांगत नाहीं. ह्यास आम्हीं आंत घेतलें आहे, एवढेंच सांगतो. ह्या दोन वाक्यांतील अंतरावरच टीकाकारांनीं बोट ठेवलें. शॉच्या ‘यू नेव्हर कॅन टेल’ ह्या नाटकाचा नायक एक निष्कांचन तरुण दंतवैद्य आहे आणि पहिला अंक त्याच्या दवाखान्यांत घडतो. तेथें सारा विनोदच आहे. पुढें १९०६ च्या ‘डॉक्टर्स डायलेमा’मध्यें मात्र सनदी धंद्यांवर तो दांतओंठ खाऊन तुटून पडला. अमेरिकेंत मिल्टन फ्रीडमन आणि सायमन कुझनेट्स ह्यांनीं १९४५ सालीं डॉक्टर व दंतवैद्य ह्यांच्या प्राप्तीची तुलना करून, त्यांतील फरकाचा कांहीं भाग प्रवेशाचें दार अरुंद ठेवल्यामुळें उत्पन्न होतो असें दाखविलें. आणि १९६२ सालीं फ्रीडमननें वैद्यांचे परवानेच काढून टाकावे असें सरळ लिहिलें. बाजार आपोआप निवड करील, हा त्याचा भरंवसा. ह्या भरंवशास पार्कर नांवाचा अमेरिकन दंतवैद्य हें चांगलें उत्तर आहे. तो सर्कशीचा लवाजमा बरोबर घेऊन दांत काढी आणि उपटलेल्या ३५७ दांतांची माळ गळ्यांत मिरवी. त्याच्या जाहिरातींतील ‘पेनलेस’, म्हणजे ‘वेदनारहित’, ह्या बिरुदास कायद्याची हरकत आली, तेव्हां १९१५ सालीं त्यानें तें आपलें कायदेशीर नांवच करून घेतलें! बाजार निवड करतो खरा, परंतु तो बहुधा मोठा ढोल निवडतो.

परंतु मक्तेदारीचा आक्षेप एवढ्यानें मिटत नाहीं. ‘आम्ही लायक आहों, म्हणून आम्हांसच हा हक्क’ हें व्यवसायाचें नेहमींचें उत्तर मला अपुरें वाटतें. कारण लायकी ही नोंदपटांतील प्रत्येकाची सारखी नसते, हें आपण आतांच पाहिलें. मला सुचतें तें उत्तर निराळें आहे. जत्रेंतल्या दांत उपटणाऱ्याकडे मनुष्य स्वतःच्या हिंमतीवर जाई. जबडा मोडला तर त्याचें त्यानें पाहावें, ह्यांत क्रौर्य असेल, पण विसंगति नव्हती. सनदेच्या कायद्यानंतर परिस्थिति पालटते. आतां राज्य नागरिकास सांगतें, कीं ह्या यादीबाहेर कोणी तुझ्या तोंडांत हात घालील तर तो गुन्हेगार. तुला जावयाचें तर यादींतल्याकडेच गेलें पाहिजे. एकदां निवडीचें स्वातंत्र्य असें आंखडून घेतल्यावर, त्या यादींतल्याच मनुष्याच्या हयगयीनें इजा झाली असतां ‘त्याच्याजवळ पैसे नाहींत, आम्ही काय करणार?’ असें म्हणण्याची सोय राज्यास राहत नाहीं, आणि त्या मक्त्याचा लाभ घेणाऱ्या व्यवसायासहि राहत नाहीं. सक्तीचा विमा ही रुग्णावर केलेली कृपा नव्हे; सनदेबरोबरच जन्मास आलेलें तें ऋण आहे.

दंड आणि भरपाई ह्या दोन गोष्टी येथें काळजीपूर्वक निराळ्या ठेवल्या पाहिजेत, कारण त्यांची गल्लत फार जुनी आहे. मनु व याज्ञवल्क्य ह्यांनीं चुकीचा उपचार करणाऱ्या वैद्यास दंड सांगितला आहे. जनावराच्या बाबतींत लहान आणि माणसाच्या बाबतींत मोठा. कौटिल्यानेंहि रोगी दगावल्यास वैद्याचा अपराध काय होता तें पाहून दंडाच्या पायऱ्या लावल्या आहेत. परंतु दंड जातो राजाच्या कोशांत. रोग्याच्या हातीं त्यांतलें काय येतें? हॅमुराबीच्या कायद्यांत दांताविषयीं एक मजेदार भेद आहे. बरोबरीच्या माणसाचा दांत पाडला तर पाडणाराचा दांत पाडावा, आणि खालच्या दर्जाच्या माणसाचा पाडला तर एक तृतीयांश मिना रुपें द्यावें. वरच्यास सूड मिळाला, खालच्यास रुपें मिळालें. ज्याचा दांत गेला त्याच्या बाजूनें पाहिलें, तर खालच्याचाच सौदा बरा म्हणावा लागेल! परंतु ह्या सर्वांपेक्षां धर्मशास्त्रांतील एक निराळाच नियम मला अधिक विचारार्ह वाटतो. चोरीस गेलेलें धन राजानें प्रजेला परत मिळवून द्यावें, आणि चोर सांपडला नाहीं तर आपल्या कोशांतून भरून द्यावें, असा तो नियम आहे. रक्षणाच्या नांवानें कर घेतला, तेव्हां रक्षण चुकल्याचा भुर्दंडहि घेणारावर. येथें अपराध कोणाचा ह्या प्रश्नापासून नुकसान कोणीं भरावें हा प्रश्न अलग झालेला आहे. आणि विम्याचें नैतिक बीज ह्याच ठिकाणीं आहे असें मी समजतों.

आतां विम्याकडे वळूं. स्वतःच्या हयगयीचा विमा उतरणें हें एके काळीं युरोपांत नीतिबाह्य समजलें जाई, आणि त्या समजुतीला तथ्यहि होतें. चूक माझी आणि दाम दुसऱ्याचे, असें झालें तर मी सावध कां राहीन? इंग्लंडांत वैद्यांचें परस्परसाह्याचें पहिलें मोठें मंडळ, मेडिकल डिफेन्स युनियन, १८८५ सालीं निघालें, तेंहि रुग्णाच्या भरपाईसाठीं नव्हे. एका निरपराध डॉक्टरास खोट्या आरोपावरून तुरुंगांत जावें लागलें होतें. पुढें तो निर्दोष ठरून सुटला. त्या घटनेच्या धक्क्यांतून तें उभें राहिलें. ‘डिफेन्स’ ह्या शब्दांतच त्याची जन्मकथा आहे. डॉक्टराच्या भोंवतीं बांधलेली ती तटबंदी होती. पुढें हळूहळू मंडळांवर भरपाईचा भार आला. १९३० च्या कायद्यानें ब्रिटनमध्यें मोटार हांकणारास तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा झाला, आणि १९३९ च्या कायद्यानें तेंच तत्त्व आपल्याकडे आलें. रस्त्यावरच्या पादचाऱ्यासाठीं जें मान्य झालें तें खुर्चीवरच्या रुग्णासाठीं मान्य होण्यास मात्र फार काळ लागला. युरोपीय संघाच्या एका निर्देशास अनुसरून २०१४ सालीं निघालेल्या आदेशानें, भरपाईची तरतूद असल्याशिवाय कोणाहि दंतवैद्यानें ब्रिटनमध्यें व्यवसाय करूं नये, अशी अट १९८४ च्या दंतवैद्यक कायद्यांत पक्की केली. आतां तेथील जनरल डेंटल कौन्सिलच्या नोंदपटांत नांव ठेवावयाचें तर ती तरतूद आहे असें लिहून द्यावें लागतें. वैद्यासाठीं बांधलेल्या तटाचें तोंड कायद्यानें असें रुग्णाकडे फिरविलें. ह्या उलटापालटीचें महत्त्व पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं.

सावधपणा कमी होतो हा जुना आक्षेप मला फारसा खरा वाटत नाहीं. दाढ काढतांना हात सांभाळून चालतो तो पैशाच्या भीतीनें नव्हे. ज्याचा तसा चालत असेल त्याच्याकडे जाऊंच नये. शिवाय नांव जाण्याची भीति विमा घेत नाहीं, आणि नोंदपटांतून नांव उडविण्याचा अधिकार मंडळाच्या हातीं राहतोच. विम्यानें जें बदलतें तें हाताचें वळण नव्हे, जिभेचें. माझा एक जुना विद्यार्थी तिकडची परीक्षा उतरून इंग्लंडच्या मध्यभागांतील एका गांवीं दंतवैद्यक करतो. सुटींत भेटावयास आला असतां त्यानें एक हकीकत सांगितली. एका बाईच्या दाढेच्या मुळांतील नळी साफ करीत असतां, सुईसारख्या बारीक कानशीचें टोंक आंत तुटून राहिलें. हें उत्तम हातांतूनहि घडतें. त्यांत हयगय असतेच असें नाहीं. बाई तोंड उघडें ठेवून स्वस्थ पडलेल्या. हा शेजारच्या खोलींत गेला आणि त्यानें प्रथम दूरध्वनि केला तो आपल्या विमामंडळाच्या सल्लागारास.

“सल्लागार काय म्हणाला?” मीं विचारलें.

“म्हणाला, आत्तांच्या आत्तां बाईंना सर्व सांगा, आणि टिपणांत लिहून ठेवा.”

“मग ठीकच झालें कीं!”

“ठीक झालें, सर. पण खरें सांगावयास मी परवानगी मागावयास गेलों होतों, हें मला घरीं गेल्यावर उमगलें.”

त्याच्या ह्या उद्गारांत मला सगळा प्रश्न सांपडला. सल्लागारानें मौन शिकविलें नव्हतें; उलट योग्य तेंच सांगितलें होतें. कायदाहि आडवा नव्हता. दिलगिरीचे शब्द उच्चारले एवढ्यावरून हयगयीची कबुली होत नाहीं, असें इंग्लंडच्या २००६ च्या भरपाई-कायद्यांत स्पष्ट लिहिलेलें आहे. आणि घडलेली चूक रुग्णास उघडपणें सांगणें हें दंतवैद्याचें कर्तव्य असल्याचें कौन्सिलनें २०१६ पासून स्वतंत्र मार्गदर्शन करून बजावलें आहे. तरीहि त्या दोघांच्या मध्यें एक तिसरा येऊन बसला होता, आणि बोलण्यापूर्वीं त्याच्याकडे पाहण्याची संवय मनास लागली होती. पैशाचें ऋण दुसऱ्याच्या खांद्यावर देतां येतें. तोंडानें फेडावयाचें ऋण देतां येत नाहीं. पूर्वीं प्रायश्चित्तहि दक्षिणा देऊन ब्राह्मणाकडून करवून घेण्याची सोय कांहीं यजमान शोधीत, तसेंच हें. हा दोष विम्याचा म्हणून विमा टाकून द्यावा असें मी म्हणत नाहीं. विमा नसलेला दंतवैद्य अधिक खरें बोलेल, असें मानण्यास आधार काय? ज्याचें राहतें घर जावयाचें आहे, तो तर तोंड अधिकच घट्ट मिटील.

आणि अपराधच नसतां झालेली इजा? खालची अक्कलदाढ काढतांना तिच्याजवळून जाणाऱ्या मज्जातंतूस धक्का बसून जीभ किंवा ओंठ बधिर होतो. बहुतेकांचा पूर्ववत् होतो, थोड्यांचा कायमचा तसाच राहतो. जिभेवर चव नाहीं, चहा ओंठावरून सांडतो तो कळत नाहीं, बोलतांना ‘ल’ आणि ‘र’ अडखळतात. दंतवैद्यानें सर्व कांहीं नीट केलेलें असतें. इंग्लंडचा कायदा विचारतो, धोका अगोदर सांगितला होता काय? २०१५ च्या माँटगोमेरी खटल्यानंतर हा प्रश्न तो अधिक कठोरपणें विचारूं लागला आहे. सांगितलेला असेल तर भरपाई नाहीं. न्यूझीलंडनें १९७४ पासून निराळी वाट धरली. उपचारापासून इजा झाली एवढें ठरलें कीं सार्वजनिक निधींतून साह्य, हयगय सिद्ध करण्याचें ओझें रुग्णावर नाहीं, आणि त्याच्या मोबदल्यांत वैद्यावर भरपाईचा दावाहि नाहीं. चोर न सांपडला तरी कोशांतून भरून देणाऱ्या राजाची आठवण येथें झाल्याशिवाय राहत नाहीं.

ब्रिटनच्या व्यवस्थेंतील खरा खड्डा मात्र दुसरीकडे आहे. तेथील परस्परसाह्याच्या मंडळांचें संरक्षण पुष्कळ अंशीं त्यांच्या मर्जीचें असतें. सभासद वर्गणी भरतो, मंडळ बहुधा मदत करतें. परंतु अमुक प्रसंगीं दिलीच पाहिजे, असा करार नसतो. २०१७ सालीं पॅटर्सन नांवाच्या एका शल्यवैद्यास, गरज नसतां रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्याबद्दल शिक्षा झाली. कृत्यें गुन्ह्याच्या स्वरूपाचीं होतीं म्हणून त्याच्या मंडळानें आपली मर्जी वापरून हात आंखडता घेतला. हा दंतवैद्य नव्हता, पण तत्त्व तेंच. वैद्याचा अपराध जितका काळा, तितकी रुग्णाची भरपाई अनिश्चित! किरकोळ हयगयीनें जिचें नुकसान झालें तिला पैसे मिळावे, आणि जिला जाणूनबुजून कापलें तिनें दारोदार हिंडावें, हें न्यायाचें उलटें चित्र होय. विमेदाराच्या बाजूचा युक्तिवाद मला ठाऊक आहे: दुष्टपणाचा विमा कोणी उतरवीत नाहीं. परंतु हा युक्तिवाद वैद्याविरुद्ध लागू आहे. रुग्णाविरुद्ध कसा लागावा? रुग्णास आधीं भरून द्यावें, मग दुष्टाकडून वसूल करावें. ह्या प्रकरणाच्या चौकशीचा अहवाल २०२० सालीं प्रसिद्ध झाला, त्यानें ही फट बुजविण्याची तांतडी सरकारास सांगितली.

दुसऱ्या टोंकास सक्तीचा अतिरेकहि पाहावयास मिळतो. २०१७ च्या जानेवारींत ब्रिटनमधील स्वतंत्रपणें काम करणाऱ्या सुइणींच्या एका संघटनेची तरतूद अपुरी आहे असें त्यांच्या नियामक मंडळानें ठरविलें, आणि बाळंतपणाचें त्यांचें काम रातोरात थांबलें. एकाहि सुइणीच्या कौशल्याविषयीं तक्रार नव्हती. विमा सक्तीचा झाला म्हणजे, कोणीं धंदा करावा हें ठरविण्याच्या कामांत विमेदार न बोलावतां येऊन बसतो; परीक्षा घेणारा एक, शिस्त लावणारा दुसरा, आणि किल्ली तिसऱ्याच्याच कनवटीला. शिवाय ह्या सर्वांचा खर्च आहेच. कौन्सिलनें २०१५ सालीं दंतवैद्यांची वार्षिक फी ५७६ पौंडांवरून एकदम ८९० पौंडांवर नेली. ब्रिटिश डेंटल असोसिएशन न्यायालयांत गेली, आणि कौन्सिलनें त्याविषयीं मतें मागविलीं तीं रीतसर मागविलीं नाहींत, असें न्यायालयानेंहि म्हटलें. फी आणि हप्ता शेवटीं कोणाच्या खिशांतून जातो, हें सांगावयास नकोच. २०१९ पासून इंग्लंडांत सरकारी सेवेंतील सामान्य डॉक्टरांच्या भरपाईचा भार सरकारनें स्वतःकडे घेतला. त्याच सेवेंत काम करणारे दंतवैद्य मात्र त्यांतून वगळले. ह्या भेदाचें समाधानकारक कारण मला अद्याप वाचावयास मिळालेलें नाहीं. दांत शरीराचे नव्हेत असें तर सरकारास वाटत नसेल?

आतां घराकडे. डॉ. रफिउद्दीन अहमद ह्यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास दंतवैद्यकाचें पहिलें महाविद्यालय काढलें. त्यांच्याच खटपटीनें १९३९ चा बंगालचा कायदा झाला. आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं सबंध देशाचा. त्यांत नोंदपटाचे दोन भाग केले होते: एक पदवीधरांचा, आणि दुसरा पदवी नसतां निदान पांच वर्षें ह्याच धंद्यावर उपजीविका केलेल्यांचा. १९२१ च्या इंग्रजी कायद्याची ही सावली ओळखण्यास फार विद्वत्ता नको. मुंबईच्या व कलकत्त्याच्या रस्त्यांवर पाटीवर मोठा जबडा रंगवून बसणारे चिनी दंतवैद्य ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना ह्या दुसऱ्या भागाची गरजहि कळेल. पण भरपाईच्या तरतुदीची अट त्या कायद्यांत नव्हती. सनद इंग्लंडाकडून घेतली, तिच्याबरोबरचें ऋण घेतलें नाहीं. त्या वेळीं खुद्द इंग्लंडानेंहि तें ओळखलेलें नव्हतें, हें खरें. २०२३ सालीं पार्लमेंटनें जुन्या कायद्याच्या जागीं येणारा राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला, तेव्हां ह्या ऋणाचा विचार करण्याची संधि पुन्हां आली होती.

दरम्यान आपल्याकडे हें काम न्यायालयानें केलें. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वैद्यकीय सेवा १९८६ च्या ग्राहक-संरक्षण कायद्याखालीं येते असा निर्णय दिला, आणि दंतवैद्यांनीं आपापल्या खुषीनें विमापत्रें घेण्यास एक सबळ कारण मिळालें. परंतु त्याच निर्णयाची एक मर्यादा ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ज्या रुग्णालयांत कोणाकडूनच मोबदला घेतला जात नाहीं, तेथील रुग्ण ग्राहक ठरत नाहीं. आणि दंतवैद्यकाचे विद्यार्थी दाढ काढावयास कोठें शिकतात? जेथें गरीब मनुष्य स्वस्तांत किंवा फुकट उपचार होतो म्हणून सकाळपासून बांकावर बसलेला असतो, तेथें. आपणां सुशिक्षितांच्या दाढा पुढें ज्या सराईत हातांनीं निघतात, ते हात सराईत झाले ते त्याच्या जबड्यावर. हयगयीनें इजा झाली तर दिवाणी न्यायालय त्यालाहि मोकळें आहे, असें कोणी म्हणेल. बांकावर बसलेल्या त्या माणसास हें जाऊन सांगावें!

मला सुचतो तो उपाय लहानसा आहे, आणि तो करण्यास नव्या आयोगाची वाट पाहण्याचेंहि कारण नाहीं. दवाखान्याच्या पाटीवर दंतवैद्याच्या नांवाखालीं पदवी असते, पदवीखालीं नोंदणीचा क्रमांक असतो. त्याच्याखालीं आणखी एका ओळीची जागा आहे: भरपाईची तरतूद कोणाकडे आहे आणि ती कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे. महाविद्यालयांच्या रुग्णालयांतून ही ओळ बांकासमोरच्या भिंतीवर, मराठींत, लांबून वाचतां येईल अशा अक्षरांत लिहावी. तोंडांत कापूस घातल्यावर विचारतां येत नाहीं. त्या आधीं वाचतां आलें पाहिजे.